जोलिनसाठी उपास

आमच्या वॉर्डात कुणाच्या घरी जेवण पोचवायचं, किती दिवस आणि कुणी, याची वही अकरा वर्षं माझ्याकडे होती. वॉर्ड म्हणजे आमच्या चर्चची गावातली मंडळी. घरं एकशे बारा, पगारी माणूस एकही नाही. बिशप टर्की पाळतो, ऑर्गन वाजवणारी बाई बँकेत बसते, आणि मी, आर्डिस मिकेलसन, सात मुलं वाढवून मोकळी झालेली बाई, बायकांच्या रिलीफ सोसायटीत, जिथे प्रत्येक बाई सिस्टर असते, ही वही सांभाळत होते.

अकरा वर्षांत वहीत चौऱ्याण्णव बाळंतपणं, एकतीस ऑपरेशनं, चाळीस मयत, दोन जळलेली घरं, आणि एकाच घोड्याने एकाच माणसाचा दोनदा मोडलेला एकच पाय, एवढ्या नोंदी होत्या. इतका अनुभव गाठीशी आला की माणसाला आपण शहाणे झालो असं वाटायला लागतं. मलाही वाटत होतं.

जोलिन ऑलरेडचं घर माझ्या घरापासून चौथं. वय छत्तीस, मुलं पाच. नवरा केल्विन शाळेत सुतारकाम शिकवतो आणि सकाळ-संध्याकाळ शाळेची बस चालवतो. जोलिन कागद कापून चित्रं करायची. रंग नाही, ब्रश नाही. रंगीत कागदाचे कपटे पात्याने कापायचे, चिमट्याने उचलून एकावर एक ठेवायचे, आणि त्यातून मेंढी उभी राहायची, तिच्या पाठीवरचं बर्फसुद्धा. हात देवाने दिलेला. फक्त वॉर्डाची समजूत अशी होती की तो हात देवाने वॉर्डाला दिला आहे. एका वर्षी मी सहज मोजलं होतं: नाताळच्या कार्यक्रमाचा पडदा, मुलींच्या शिबिराचं निशाण, चार लग्नांची आमंत्रणं, सहा अंत्यविधींच्या पत्रिका. दर वेळी मागणाऱ्याचं वाक्य एकच, "तुला काय गं, दहा मिनिटांचं काम." मीही ते दोनदा म्हटलं होतं.

त्या वर्षी जानेवारीत तिला बॉस्टनच्या एका प्रकाशकाने मुलांचं पुस्तक दिलं. मेंढ्यांबरोबर डोंगर चढणाऱ्या मुलीची गोष्ट, सोळा मोठी चित्रं, एकोणीस मार्चला पार्सल निघालं पाहिजे. चौदा वर्षं ती अशा पत्राची वाट बघत होती. हे वेळेत झालं तर पुढची दोन पुस्तकं तिचीच, नाही झालं तर त्यांच्या यादीत दुसरी पुष्कळ नावं होती. हे सगळं मला नंतर कळलं. तेव्हा फक्त केल्विनला माहीत होतं, आणि जोलिनने त्याला बजावलं होतं, "बिशपना जाऊन सांग. मार्चपर्यंत मी गाण्याच्या सरावाला येणार नाही, आणि का येणार नाही तेही सांग."

केल्विन माणूस सोन्यासारखा, पण दुष्काळात पाणी वापरावं तसे शब्द वापरतो. त्याने बिशपना गाठून पहिलं अर्धं सांगितलं, "जोलिनला मार्चपर्यंत जरा घरातच राहावं लागणार आहे." दुसऱ्या अर्ध्याला त्याने हात लावला नाही. घरी येऊन म्हणाला, "सांगितलं."

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात ओपल ब्रॅडशॉ माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसली. ओपलला गावातल्या प्रत्येक घराचे पडदे पाठ आहेत.

"ऑलरेडांकडे दिवसाढवळ्या पडदे ओढलेले आहेत," ती म्हणाली. "सहा दिवस झाले."

"ऊन लागत असेल."

"फेब्रुवारीत? आणि काल केल्विन दोरीवर कपडे वाळत घालत होता. जीन्स गोठून अशा उभ्या राहिल्या होत्या, जशी माणसं. पुरुष कपडे वाळत घालतो म्हणजे बाई उठत नाही."

मीही एक गोष्ट पाहिली होती. आदल्या दिवशी पाव द्यायला गेले तर मोठी मुलगी कमील दार बोटभर उघडून उभी. मागे चार भावंडं मोज्यांवर, आवाज न करता, एकामागून एक चालत गेली. पाच मुलांच्या घरात इतकी शांतता मी फक्त अंत्यविधीला ऐकली आहे. "आई वर आहे," कमील म्हणाली. "तिला आत्ता कुणाला भेटता येत नाही." आणि दार इतकं हळू लावलं की कडीचाही आवाज आला नाही.

ओपलने बोटं मोजायला सुरुवात केली. "धाकटा चार वर्षांचा झाला. म्हणजे वेळ झालीच होती."

"ओपल, तिने सांगितलेलं नाही."

"म्हणून तर. पहिले महिने जड जात असतील. डॉक्टरने पडून राहायला सांगितलं असणार. मागच्या वेळी नाही का तिचे पाय सुजले होते."

आमच्याकडे बाई दाराआड गेली तर कारणं दोनच असतात, बाळ किंवा ऑपरेशन. ऑपरेशन असतं तर मला कळलं असतं. आणि बाळाचं असं आहे की बाईने स्वतः सांगेपर्यंत विचारायचं नाही, ती आमची रीत. विचारायचं नाही, पण जेवण पोचवायचं. मी वही उघडली, ऑलरेड लिहिलं, कारणाच्या रकान्यात "प्रकृती" असा सभ्य शब्द टाकला, आणि रविवारी रिलीफ सोसायटीत कागद फिरवला. एकवीस दिवस, एकवीस रेघा. कागद दुसऱ्या रांगेपर्यंतसुद्धा पोचला नाही. पहिल्या रांगेतच भरला, आणि मागच्या बाया रागावल्या.

सोमवारपासून जेवण जाऊ लागलं. चीज घातलेल्या बटाट्यांचा ट्रे, वर चुरलेले कॉर्नफ्लेक्स. टर्की आणि भात. हिरवी जेली, आत किसलेलं गाजर. सूप, पाव, पुन्हा बटाटे. पहिल्या आठवड्यात बटाटे चार वेळा गेले, म्हणून मी दोघींना फोन करून नूडल्सवर वळवलं. दारात केल्विन किंवा कमील ट्रे घ्यायची. "कशी आहे?" असं विचारलं की केल्विन म्हणायचा, "थकली आहे, पण आनंदात आहे." यावर बाया एकमेकींकडे बघून मान हलवायच्या आणि घरी जाऊन लोकर काढून बसायच्या.

ट्रे परत यायचे ते धुऊन, आत कागदात कापलेलं एखादं चित्र ठेवून. कुणाला कोंबडी, कुणाला देवदाराची फांदी. ज्या बाईचा ट्रे, तिच्या घरातलंच काहीतरी. बिशपच्या बायकोला टर्की आली, गळ्याच्या सुरकुत्यांसकट. "बिचारी," ओपल म्हणाली. "अंथरुणात पडल्यापडल्या करते." ओपलला तिच्या मांजराचं चित्र आलं होतं. तिने ते फ्रिजवर लावलं, आणि कुणी आलं की फ्रिजमधून काही ना काही काढायला उठायची.

बाराव्या दिवशी, शुक्रवारी, माझा स्वतःचा ट्रे होता. दुपारची वेळ, मुलं शाळेत, केल्विन शाळेत, धाकटा शेजारी. दार ठोठावलं, उत्तर नाही. आमच्याकडे दारांना कुलपं नसतात. मी आत गेले, ट्रे ओट्यावर ठेवला आणि विचार केला, एकटी पडली असेल, डोकावून यावं. जिना चढले. खोलीचं दार ढकललं.

"हळू," आतून आवाज आला. "दार हळू, प्लीज. नदी उडेल."

जोलिन पलंगावर नव्हती. पलंगच भिंतीला उभा करून ठेवलेला होता. ती जमिनीवर गुडघ्यांवर बसली होती, केल्विनचा जुना शर्ट घातलेली, केस पेन्सिलीने वर बांधलेले, तोंडात एक चिमटा आणि हातात दुसरा. समोर फळीवर निळ्या कागदाच्या शेकडो पट्ट्या, केसाएवढ्या बारीक, एकीवर एक टेकवलेल्या, अजून एकही चिकटवलेली नाही. पडदे ओढलेले, खिडक्यांच्या फटींत टॉवेल कोंबलेले. सगळ्या घराचा श्वास का रोखलेला होता ते मला तिथे कळलं.

मी दार लावलं. माझी नजर पहिल्यांदा कुठे गेली असेल ते बायकांना सांगायला नको. पोट इस्त्रीच्या टेबलासारखं सपाट.

तिने तोंडातला चिमटा काढला. "सिस्टर मिकेलसन, बसा ना. तिथे नको, तिथे मेंढ्या आहेत. इथे बसा. मला तुम्हाला केव्हापासून भेटायचं होतं, पण उठले की अर्धा तास जातो." तिचे डोळे लाल होते, बोटांना चिकटपट्ट्या होत्या, आणि चेहरा असा की जणू लग्न काल झालं. "अकरा चित्रं झाली. सोळा आहेत. बॉस्टनहून पत्र आलं तेव्हा मी केल्विनला म्हटलं होतं, की मी नाहीच म्हणून टाकते. पाच मुलं, गाणं, रविवारचा वर्ग. कोण सांभाळणार. आणि मग तुमचं जेवण यायला लागलं."

मी बसले.

"मला खरंच वाटलं नव्हतं," ती म्हणाली. "मला वाटायचं, हे सगळं वॉर्डाला पोरखेळ वाटत असेल. आणि तुम्ही इतक्या जणी... पुस्तकासाठी. माझ्या आईला हे लिहून कळवलं तर तिचा विश्वासच बसत नाही."

तोंड उघडायचं तर तेव्हाच उघडायला हवं होतं. पण पाच चित्रं बाकी होती आणि तिचा तो चेहरा समोर होता. मी म्हटलं, "जेवण ओट्यावर आहे. गरम असताना खा." आणि खाली आले. जिन्यावर मीही मोज्यांवरच चालले, बूट हातात घेऊन.

घरी माझा नवरा रूलन वर्तमानपत्र वाचत होता. त्रेचाळीस वर्षांत मी त्याला कधी चकित झालेला पाहिलेला नाही. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "म्हणजे गरोदर कुणी नाहीच."

"नाही."

"आणि एकवीस बाया विणतायत."

"एकोणीस. दोघींना विणता येत नाही, त्या गोधडी शिवतायत."

"सांगून टाक तिला."

"सांगितलं तर ती उद्या सकाळी पाती आवरून ओट्याशी उभी राहील. प्रत्येकीचे ट्रे फेडत बसेल. पुस्तक जाईल."

"मग वॉर्डाला सांग."

"वॉर्डाला सांगितलं तर ट्रे थांबतील."

"थांबतील कशाला?"

"रूलन, तुझ्या बहिणीने नाटकात काम घेतलं तेव्हा तिच्या मुलांना कुणी जेवायला घातलं?"

त्याने वर्तमानपत्राचं पान उलटलं. "मोडलेला पाय असता तर घातलं असतं," तो म्हणाला. "जोलिनचा एखादा पाय बघ मोडता आला तर."

त्याला थट्टा सुचत होती. दोन दिवसांनी, रविवारी, बिशप थेन यांनी व्यासपीठावरून जाहीर केलं की येत्या पहिल्या रविवारचा उपास आपण सगळे सिस्टर ऑलरेड यांच्यासाठी करू, त्यांच्या या कसोटीच्या काळासाठी. महिन्याच्या पहिल्या रविवारी आम्ही दोन वेळचं अन्न-पाणी सोडतो, आणि वॉर्डात कुणावर खरोखरच वेळ आली असेल तर सगळे मिळून त्याच्या नावाने प्रार्थना करून तो उपास धरतात. मागच्या वेळी असा उपास एका आठ वर्षांच्या मुलासाठी धरला होता, रक्ताच्या आजाराच्या. बिशपनी बाळाचा शब्द काढला नाही. सभ्य माणूस.

मंगळवारी मी त्यांच्या टर्कींच्या शेडवर गेले. चार हजार टर्की एकदम बोलत असतात, त्यामुळे गुपित सांगायला जागा उत्तम.

"बिशप, जोलिन ऑलरेड गरोदर नाही."

त्यांनी हातातली बादली खाली ठेवली आणि टोपी काढली. "गेलं?" ते हळूच म्हणाले. "केव्हा?"

"गेलं नाही. नव्हतंच."

"मग तिला झालंय काय?"

"पुस्तक झालंय. होतंय, म्हणजे." मी सगळं सांगितलं. पडदे, टॉवेल, नदी, आणि तिला काय वाटतंय तेही. ते ऐकत होते आणि एक टर्की त्यांच्या बुटाची नाडी ओढत होती.

"केल्विन मला म्हणाला होता, घरात राहावं लागणार आहे," ते म्हणाले. "मी विचारायला हवं होतं."

"आपण विचारत नाही ना."

"नाही विचारत." त्यांनी टोपी पुन्हा घातली. "जाहीर केलेला उपास मागे कसा घेतात, सिस्टर मिकेलसन? चर्चच्या मार्गदर्शिकेत असं काही आहे का?"

"नसावं."

"मी रविवारी सभेआधी तिला ऑफिसात बोलावतो. शांतपणे सांगतो. मग वॉर्डाला काय सांगायचं ते तीच ठरवील."

बेत चांगला होता. पण त्यात जोलिन सभेआधी येईल असं धरलेलं होतं. ती आली सभा सुरू झाल्यावर दहा मिनिटांनी. तीन आठवड्यांनंतर पहिल्यांदाच घराबाहेर पडलेली, निळ्या पोशाखात, बोटांवर सुकलेला गोंद. पाचही मुलं आणि केल्विन तिच्यामागे. लोक सरकून जागा देत होते. एका म्हाताऱ्याने तिच्यासाठी उशी पुढे केली. तिने गोंधळून ती घेतली आणि धाकट्याला दिली.

उपासाच्या रविवारी प्रवचन नसतं. ज्याला वाटेल तो उठून माइकसमोर आपली साक्ष देतो. दोघं बोलून झाले. मग जोलिन उठली. मी बिशपकडे पाहिलं. ते खुर्चीतून अर्धे उठले, तिच्याकडे पाहिलं, आणि पुन्हा बसले. माइककडे निघालेल्या माणसाला थांबवायची आमच्यात पद्धत नाही.

"मी फार बोलणार नाही," ती म्हणाली. "बोलले तर रडेन. लग्न झाल्यापासून मला वाटायचं की देवाने मला दोन कामं दिली आणि हात एकाच कामापुरते. मुलांजवळ असले की कागद बोलवायचा, कागदाजवळ असले की मुलं. दोन्हीकडे मी अर्धीच. मी प्रार्थनेत म्हणायचे, यातलं एक काढून घे, म्हणजे दुसरं नीट करता येईल. त्याने काढून घेतलं नाही. त्याने तुम्हाला पाठवलं. बारा चित्रं झाली. चार राहिली आहेत. केल्विनने सांगितलं की आज तुम्ही माझ्यासाठी उपाशी आहात. तीनशे माणसं, एका पुस्तकासाठी. मला याहून..."

"पुस्तक?" ओपल म्हणाली.

ती पुटपुटलीच होती. पण उपासाच्या दिवशी सभागृहात पोटांशिवाय दुसरा आवाज नसतो, आणि ओपलचा आवाज बारीक होत नाही.

जोलिन थांबली. तिने ओपलकडे पाहिलं, मग बाकीच्या बाकांकडे. दीडशे बायकांच्या नजरा तिच्या चेहऱ्यावर नव्हत्या, थोड्या खाली होत्या. पाच मुलं झालेल्या बाईला ती नजर समजायला वेळ लागत नाही. मी तिला समजताना पाहिलं. आधी कपाळ, मग कान, मग गळा, लाल होत गेलं.

"अच्छा," ती माइकमध्ये म्हणाली. आणि मग, "नाही. मी गरोदर नाही."

कुणाचं तरी पोर हसलं, त्याला बाहेर नेलं.

"म्हणजे ते जेवण..." तिने मला शोधलं. मी तिसऱ्या रांगेत होते. मी मान खाली-वर केली. एवढीच मान हलवायला मला त्या जिन्याइतका वेळ लागला.

ती तशीच उभी राहिली. ती पळून गेली असती तरी कुणी दोष दिला नसता. पण शेवटचे शब्द म्हटल्याशिवाय आमच्यात माइकसमोरून कुणी हलत नाही. तिने ते म्हटले, "येशू ख्रिस्ताच्या नावाने, आमेन." आणि तीनशे माणसांनी सवयीने "आमेन" म्हटलं.

सभेनंतर बायका रिलीफ सोसायटीच्या खोलीत जमल्या. कोपऱ्यात लाकडी चौकटीवर पिवळी छोटी गोधडी ताणलेली होती, बदकांची. कुणीतरी तिच्यावर घाईघाईने कोट टाकला, पण बदकं खालून दिसत होती. मला वाटलं जोलिन घरी गेली असेल. ती आली आणि मागच्या खुर्चीत बसली. बसल्यावर लगेच उभी राहिली.

"मी एकवीसही ट्रे फेडीन," ती म्हणाली. "एप्रिलपासून, रोज एक. यादी सिस्टर मिकेलसनकडे आहे. मला माहीत नव्हतं. देवाशपथ माहीत नव्हतं."

"बस खाली," मी म्हटलं. उठायची पाळी माझी होती. "चूक हिची नाही. कागद मी फिरवला, कारण मी लिहिलं. आणि नऊ दिवसांपूर्वी मला खरं कळलं तेही मी सांगितलं नाही. कारण मला भीती वाटली की खरं कारण सांगितलं तर तुम्ही ट्रे थांबवाल. तुमच्याबद्दल मी असं धरून चालले, त्याची माफी मागते. आता हा नवा कागद. यावर खरं लिहिलंय." मी वाचून दाखवलं: जोलिन ऑलरेड, पुस्तक, चार चित्रं बाकी, उद्यापासून अठरा तारखेपर्यंत, अकरा दिवस.

कागद पहिल्या रांगेत दिला. तो पुढे सरकला. पुन्हा सरकला.

"हे म्हणजे," ओपल म्हणाली, "पुस्तकासाठी जेवण. उद्या मी म्हणेन, मला गुलाब लावायचेत, मला जेवण द्या."

"म्हण," बिशपची बायको म्हणाली. तिने कागद ओढून घेतला आणि बुधवारवर नाव लिहिलं. "माझ्या भिंतीवर टर्की आहे. आमच्याकडे चार हजार आहेत, पण माणसं बघायला येतात ती तीच."

थोडं हसू आलं, तेवढ्याने हवा सैल झाली. पण कागद हळूहळू फिरत होता. काही बाया त्याच्याकडे न बघताच पुढे देत होत्या. एक तर मान ताठ ठेवून खिडकीबाहेर बघत होती. तिने तरुणपणी पियानो सोडला होता, हे मला माहीत होतं. तिला मी मनातसुद्धा दोष देऊ शकले नाही. कागद ओपलजवळ आला तेव्हा तिने चष्मा लावला, शीर्षक दोनदा वाचलं, आणि बॉलपेनचं टोपण काढलं.

"आज उपास केलाच आहे," ती म्हणाली. "पाणीसुद्धा नाही घेतलं. आता तो फुकट कशाला घालवू. शुक्रवार, ट्यूना आणि नूडल्स."

कागद माझ्याकडे परत आला. मी माझं नाव धरून मोजलं. अकरा रेघांपैकी पाच भरल्या होत्या.

बाहेर व्हरांड्यात केल्विन धाकट्याला खांद्यावर घेऊन उभा होता. जोलिनने त्याच्याकडे पाहिलं. "तू बिशपना सांगितलं होतंस म्हणालास."

"सांगितलं होतं की."

"काय सांगितलं होतंस?"

त्याने सांगितलं. एवढंच ना, असं त्याच्या चेहऱ्यावर होतं.

"चौदा वर्षं," ती मला म्हणाली, "मला वाटत होतं की माझा नवरा शांत आहे, हे माझं नशीब." आणि मग ती हसायला लागली, आणि हसता हसता डोळे पुसायला लागली. केल्विनने खिशातला रुमाल काढून दिला. त्याला लाकडाचा भुसा लागलेला होता. तिने तो झटकून घेतला.

मी कागद तिच्यापुढे धरला. लपवण्यात अर्थ नव्हता. "पाच आहेत," मी म्हटलं. "जास्त असतील असं वाटलं होतं."

तिने नावं वाचली. एकेका नावावर थांबत वाचली, जशी मुलांची पत्रं वाचतात. "सिस्टर ब्रॅडशॉसुद्धा?"

"ट्यूना."

"असू दे." तिने माझं पेन मागितलं. भिंतीला कागद टेकवून दोन दिवसांवर केल्विनचं नाव लिहिलं.

"मला फक्त अंडी येतात," केल्विन म्हणाला.

"दोन दिवस अंडी." एका दिवसावर कमीलचं नाव लिहिलं. कमील बारा वर्षांची, मागे उभी होती. तिने विचारलं, "मी काय करू?" जोलिन म्हणाली, "तुला येतं ते. आणि मला वर आणून दे, मी तुझ्याबरोबर जेवेन." मग शनिवारच्या रेघेवर तिने स्वतःचं नाव लिहिलं.

"अगं, तू कशाला?" मी म्हटलं. "त्या दिवशी मी दुसऱ्यांदा करीन. चार चित्रं आहेत."

"नको, सिस्टर मिकेलसन. तीन आठवडे यांनी माझ्या हातचं काही खाल्लं नाही. शनिवारी मी पॅनकेक करणार आहे. खिडक्या उघडून. कपटे त्या दिवशी पेटीत राहतील." धाकट्याने बापाच्या खांद्यावरून मान उचलली. "धावायचं?" त्याने विचारलं. "शनिवारी घरात धावायचं?"

"धावायचं," ती म्हणाली.

दोन रेघा रिकाम्या राहिल्या होत्या, मंगळवार आणि त्याच्या पुढच्या आठवड्यातला सोमवार. मी पेन परत घेतलं. अकरा वर्षांत मी रिकामी रेघ असलेला कागद घरी नेला नव्हता. "या दोन दिवशी काय?"

तिने मुलांकडे पाहिलं. मुलांनी तिच्याकडे पाहिलं. काहीतरी आधीच ठरलेलं असावं असं ते बघणं होतं.

"दूध आणि सिरियल," ती म्हणाली. "त्यांना तेच आवडतं. मला लाज वाटायची, म्हणून देत नव्हते."

मी दोन्ही रेघांवर, शाईने, "सिरियल" असं लिहिलं.